खंड्या कंपनीतली ऐकायची खोली

माझ्या मोठ्या आत्याला घड्याळाच्या कंपनीत सगळे 'कान' म्हणायचे. टोपणनाव कसलं, हुद्दाच होता तो. "कानाकडे पाठव." "कान आज रजेवर आहे." "जपून रे, कान चिडलाय." तयार झालेलं प्रत्येक घड्याळ आत्याच्या कानाला लागायचं. ते दिवसाला किती सेकंद पुढे पळतं किंवा मागे राहतं, हे यंत्र सांगायचं. पण त्याला नेमकं दुखतंय कुठे, हे आत्या सांगायची. डोळे मिटायची, मान जराशी डावीकडे कलती करायची आणि निकाल द्यायची, "लंगडतंय." नाहीतर, "घशात काहीतरी अडकलंय याच्या." उघडून बघावं तर खरंच चाकाच्या दात्यांत धुळीचा कण.

अजूनही ती कोणाशी बोलताना मान तशीच कलती करते. समोरच्याला वाटतं, बाई किती आस्थेने ऐकतायत! घरच्यांना माहीत आहे, बाई बिघाड शोधतायत.

त्या कंपनीचा सगळा इतिहास चार आवाजांत सांगता येतो. आत्याकडून ऐकून ऐकून मला ते आवाज पाठ झालेत.

पहिला आवाज थोरल्या साहेबांचा. प्रत्येक शब्दानंतर घोटभर पाणी प्यायल्यासारखा थांबणारा. "आपण... घड्याळ... विकत नाही. आपण... भरवसा... विकतो." भाड्याच्या दोन खोल्यांत, बाहेरून मागवलेले सुटे भाग जोडून त्यांनी सुरुवात केली. तबकडीवर बाराच्या खाली एवढासा निळा खंड्या पक्षी, कारण खंड्या तासभर फांदीवर बसून राहील, पण सूर मारला की चुकणार नाही. दहा वर्षांत स्वतःची इमारत झाली, घड्याळाच्या आतलं यंत्रही स्वतःचं झालं, आणि मागे कामगारांसाठी पाच इमारतींची वसाहत. त्यातल्या तिसऱ्या इमारतीत आम्ही अजून राहतो.

दुसरा आवाज धाकट्या साहेबांचा. "होहोहो, बघूबघू, करूकरू, झालंच म्हणून समजा." निम्मे शब्द पोटात. पण रेल्वेची ऑर्डर त्यांनीच आणली. प्रत्येक गार्डच्या, प्रत्येक स्टेशनमास्तरच्या मनगटावर खंड्या. केवढी मोठी गोष्ट! आणि तीच बोंबलली. कशी, ते पुढे येतंय. रेल्वेने पाठ फिरवल्यावर बाकीचेही बिचकले आणि कंपनी पंखे बनवणाऱ्यांच्या हातात गेली.

पंखेवाले हा तिसरा आवाज, आणि तो ओरडूनच काढावा लागतो, कारण त्यांचा जन्म पंख्यांच्या घरघरीत गेलेला. "अहो चावी कसली देत बसता! सेल टाका आणि मोकळे व्हा!" तीन वर्षं प्लास्टिकचे खंड्या निघाले, मग कुलूप. वीस वर्षं ते नाव नुसतं कागदावर पडून राहिलं. नंतर कोणीतरी फक्त नावच विकत घेतलं. पक्ष्यासकट.

चौथा आवाज त्यांचा. मऊ, हसरा आणि 'जर्नी' शिवाय वाक्य न संपवणारा. तो आवाज एका शुक्रवारी सकाळी आमच्या दारात उभा राहिला.

"नमस्ते, मी खंड्या हेरिटेजमधून आलेय. मॅम आहेत का? आम्ही ब्रँडच्या पंच्याहत्तर वर्षांच्या जर्नीवर एक सुंदर बुक करतोय."

तिला आम्ही वारसाताई म्हणायला लागलो. पोरगी तशी चांगली होती. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, आईने दिलेला चहा पूर्ण प्यायली, आत्याच्या डोळ्याला लावायच्या जुन्या भिंगाचे चौदा फोटो काढले. मग पिशवीतून छापलेली पानं काढली.

"मॅम, हे रेल्वेच्या काळातलं पान. सोमवारी प्रिंटला जातंय. त्या काळातल्या कोणीतरी बघून बरोबर आहे म्हटलं, की आमचं समाधान. त्या ऐकायच्या खोलीतल्या आता तुम्हीच उरलात ना?"

"मी एकटीच असायचे त्या खोलीत," आत्या म्हणाली.

वारसाताईने वाचून दाखवलं. मधलं एक वाक्य असं होतं: 'चुंबकत्व काढण्याच्या विभागातील एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे रेल्वेला गेलेली सहाशे साठ घड्याळे सदोष निघाली आणि या कराराबरोबरच कंपनीचे एक सोनेरी पर्व संपले.'

"बरोबर आहे ना, मॅम?"

आत्याची मान कलती झाली. बराच वेळ कलतीच राहिली.

"मॅम?"

"बरोबर आहे," आत्या म्हणाली.

"मग इथे एक छोटीशी सही."

आत्याने सही केली. तिची सही एरवी टपाल तिकिटाएवढ्या जागेत मावते. त्या दिवशी ती समासाच्या बाहेर गेली.

त्या वाक्यातला 'एक कर्मचारी' एक इमारत सोडून राहतो. त्यांना सगळी वसाहत चुंबककाका म्हणते. म्हणजे तोंडावर काका, मागे चुंबक. कंपनीत त्यांच्या टेबलावर तांब्याच्या तारेचं एक जाड कडं होतं. विजेचं बटण दाबायचं, घड्याळ कड्यातून घालायचं, हळूहळू हातभर मागे ओढायचं आणि मगच बटण बंद करायचं. एवढं केलं की घड्याळाच्या पोलादात कुठे चुंबक शिरलेला असेल तर निघून जातो. पण घड्याळ कड्यात असतानाच बटण बंद झालं, तर उलटंच. जो चुंबक नव्हता तोही आत बसतो. आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ उधळतं. रेल्वेला गेलेली घड्याळं दिवसाला दहा-दहा मिनिटं पुढे पळायला लागली होती. गाड्या स्टेशनातल्या मोठ्या घड्याळावर चालायच्या म्हणून निभावलं. नाहीतर मास्तर बावटा घेऊन उभे आणि गाडीचा पत्ता नाही.

आत्याच्या तपासणीतून घड्याळं चोख बाहेर पडलेली, हे तिच्या तपासणीच्या चिठ्ठ्यांवरून स्पष्ट होतं. तिच्यानंतरची पायरी कड्याची. म्हणजे चूक कड्यावरच्या माणसाची. चौकशी दोन दिवसांत संपली. काकांना कड्यावरून काढून खोकी बांधायला बसवलं, आणि पंखेवाले आल्यावर सगळ्यांत आधी त्यांनाच घरी पाठवलं.

चौकशीत ते एकच वाक्य बोलत राहिले होते आणि नंतरही वर्षानुवर्षं कोणीही विषय काढला की तेच बोलायचे. "अहो, मी घड्याळ बाहेर आल्यावरच बटण बंद केलं हो." त्या शेवटच्या 'हो' ला आवाज जरा चिरकायचा. वसाहतीतल्या प्रत्येक पोराला तो चिरका 'हो' काढता येतो. माझा सगळ्यांत हुबेहूब निघायचा. काका घराला कुलूप लावून जिना उतरतात, पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघतात, पुन्हा उतरतात, अर्ध्या वाटेवरून गॅस बघायला परत येतात, तेही मी करून दाखवायचे. लोक हसून लोळायचे. आता हे लिहिताना कानशिलं गरम होतात.

त्या शुक्रवारी संध्याकाळी जेवायला बसलो होतो. बाबांनीच विषय काढला.

"ताई, पुस्तकात येणार म्हणजे तू! आता आमच्याशी बोलशील ना?"

"तिचं नाही, चुंबककाकांचं येणार आहे," मी म्हटलं. आणि उठले. एका हातात वाटी कड्यासारखी धरली, दुसऱ्या हाताने चमचा तिच्यातून ओढला, आणि आवाज काढला, "अहो, मी घड्याळ बाहेर आल्यावरच बटण बंद केलं हो!"

बाबांना ठसका लागला. आई म्हणाली, "पुरे गं, वयस्कर माणूस आहे," पण तीही हसत होती.

आत्या हसली नाही. तिने मान कलती केली होती आणि डोळे मिटले होते.

"परत म्हण," ती म्हणाली.

मला वाटलं, आवडलं. मी आणखी चिरकवून म्हटलं.

"खरं बोलतोय तो," आत्या म्हणाली. "तेव्हाही खरंच बोलत होता. मला तेव्हाच ऐकू आलं होतं."

बाबा पाणी पीत होते, तसेच थांबले. "ताई, काय बोलतेस?"

"रेडिओ माझा होता."

मग तिने सांगितलं. ताटात हात तसाच ठेवून, अजिबात न रडता, चिठ्ठीवर नोंद करावी तसं.

तिच्या कामाच्या खोलीला ऐकायची खोली म्हणायचे. दुहेरी काचा, दाराला लोकरी पट्टी, आत तिच्याशिवाय कोणी यायचं नाही. सकाळी आठ ते साडेचार नुसती टिकटिक. "माणसाचा आवाज म्हणून नाही. दुपारपर्यंत मलाच वाटायचं, माझ्या आत काहीतरी चावी देऊन ठेवलंय." त्या वर्षी रेडिओवर एक मालिका लागायची, रोज दुपारी साडेतीनला, चहाच्या सुट्टीत. घरात पाटीएवढा, सेलवर चालणारा रेडिओ होता. मागचं झाकण कधीच हरवलेलं. तिने तो पिशवीतून नेला आणि खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात लपवला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पालथा ठेवला. पंधरा मिनिटं कपाटाला कान लावून ऐकायचं आणि बंद. रेडिओ रात्रंदिवस तिथेच.

"मग?" आई म्हणाली.

"मग काय? कड्यावरून परत आलेले ट्रे रात्रभर माझ्याच कपाटात राहायचे. किल्ली माझ्याकडे. सकाळी पॅकिंगवाले न्यायचे." तिने अंगठा आणि बोट यांच्यात पोळीच्या जाडीएवढी फट दाखवली. "वरची फळी एवढी. पालथा ठेवल्यावर स्पीकरचा लोहचुंबक बरोबर ट्रेच्या खाली. आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या! पोलादाचा चिमटासुद्धा आम्ही ट्रेजवळ ठेवत नव्हतो. पण मला तो रेडिओ म्हणजे फक्त त्यातली माणसं वाटायची. अकरा दिवस. रोज साठ घड्याळं."

"ताई, तुला नक्की माहीत आहे का?" बाबा हळू आवाजात म्हणाले. "उगाच इतक्या वर्षांनी मनाला लावून घेतेस. कदाचित..."

"मी मोजलंय. घड्याळं परत आली त्या दिवशी मला शंका आली. मी त्याच्या टेबलावर गेले आणि त्याचं होकायंत्र मागून घेतलं. बटणाएवढं होतं. कपाटात ठेवलं तर काटा गर्रकन फिरला." ती थांबली. "ते परत द्यायला गेले तेव्हा त्याने विचारलं, 'काय गं, मिळालं का काही?' मी म्हटलं, 'काही नाही.' संध्याकाळी रेडिओ पिशवीत घालून घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिला. तिसऱ्या दिवशी चौकशी."

मी अजून वाटी धरून उभी होते. ती कुठे ठेवावी कळेना.

"तेव्हा सांगितलं असतं तर नोकरी गेली असती," आत्या म्हणाली. "हा तेव्हा दहावीत." हा म्हणजे बाबा. बाबांनी मान खाली घातली. "पण ते कारण पहिल्या वर्षापुरतं. नंतरच्या एकेचाळीस वर्षांना काही कारणच नाही. आणि आज सकाळी तर मी सहीसुद्धा केली."

शनिवारी सकाळी तिने वारसाताईला फोन लावला. स्पीकरवर, कारण तिला साक्षीदार हवे होते. सगळं सांगितलं. पलीकडून आधी श्वास ऐकू आला आणि मग चीत्कार.

"ओ माय गॉड, मॅम! किती क्यूट!"

"काय?" आत्या म्हणाली.

"म्हणजे एक मुलगी, एक सीक्रेट रेडिओ... मॅम, याचं आपण पूर्ण पान करू! जुन्या रेडिओचं स्केच टाकू. लोकांना अशा ह्यूमन स्टोरीज खूप आवडतात."

"बाळा, त्या गोष्टीत एक माणूस चिरडलाय."

"हो हो, ते पण सेन्सिटिव्हली हँडल करू."

तासाभराने तिचाच फोन आला. आता आवाज दबका. वरच्यांशी बोलणं झालं होतं. वरच्यांना वर्धापन दिनाच्या पुस्तकात कबुलीजबाब नको होता. "पण मॅम, गुड न्यूज! ते वाक्यच आम्ही काढून टाकतोय. आता फक्त 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं येईल. कोणाचाच दोष नाही. बेस्ट ना?"

"माझा दोष आहे," आत्या म्हणाली.

"मॅम, पण बुकमध्ये कोणाचाच नाही!"

"त्याचा होता तेव्हा चाललं. माझा आहे म्हटल्यावर कोणाचाच नाही होय?"

वारसाताई तिच्या खऱ्या, साध्या आवाजात म्हणाली, "सॉरी हो आजी. माझ्या हातात तेवढंच आहे." हा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. त्याची नक्कल काढावीशी वाटली नाही.

"पुस्तकाचं एक बरं झालं," फोन ठेवून आत्या म्हणाली, "खोटं गेलं. आता खरं सांगायला मला कागद नाही. तोंडच आहे."

रविवारी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसली आणि मला म्हणाली, "चल. तूही यायचंस."

"मी कशाला?"

"त्याचा आवाज तूच काढतेस ना? मग त्याच्यासमोर उभी राहा जरा."

काकांनी दार उघडलं. बनियनवर टॉवेल, हातात दाढीचा ब्रश. "अरे! कान आज इकडे कुठे?"

आत्या बसली नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं, शुक्रवारी सांगितलं होतं त्याच क्रमाने. काकांच्या गालावरचा फेस वाळत गेला. संपल्यावर ते ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "कुठल्या कप्प्यात?"

"खालच्या."

"सरळ की पालथा?"

"पालथा."

"मागचं झाकण?"

"नव्हतं."

"फळी किती जाड?"

आत्याने बोटांनी दाखवलं. काका त्या फटीकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःची बोटं तिच्या बोटांशेजारी धरून तेवढीच फट केली आणि ती डोळ्यांजवळ नेली.

"पुरेसं आहे," ते म्हणाले. "एवढ्यात चुंबक बसेल."

"हो."

"होकायंत्र परत दिलंस तेव्हा तुला कळलेलं होतं."

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो. मी म्हटलं, काही नाही."

काका स्टुलावर बसले. "पहिली दोन-तीन वर्षं मी भांडलो," ते म्हणाले. आत्याशी नाही, ब्रशशी बोलत होते. "मग वाटायला लागलं, एवढी शहाणी माणसं म्हणतायत, तर झालंही असेल. रोज अंथरुणात हात पुढे धरून करून बघायचो. आधी हात मागे येतो की आधी बटण? हात मागे. बटण. हात मागे. बटण. इतक्यांदा केलं की खरं काय झालं होतं ते पुसूनच गेलं. मग कशावरच विश्वास राहिला नाही. गॅस बंद केला का? कुलूप लागलं का? माझाच हात, आणि मला त्याचा भरवसा नाही." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही पोरं हसता, मला दिसतं. हसण्यासारखंच असतं ते."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी "सॉरी काका" म्हटलं, ते मलाही ऐकू आलं नाही.

"मला माफ..." आत्याने सुरुवात केली.

"ते नंतर बघू," काका म्हणाले. आणि एकदम मोठ्याने हाक मारली, "अगं ए! बाहेर ये. सूनबाई, तू पण. हातातलं काम ठेवा." काकू पदराला हात पुसत आल्या, सून मागोमाग. काका आत्याला म्हणाले, "आता परत सांग."

आत्याने परत सांगितलं. काकूंनी मध्येच भिंतीला हात टेकला. "मी तुमच्याकडे हळदीकुंकू..." असं काहीतरी म्हणणार होत्या बहुतेक, पण वाक्य बदललं. "मी रोज तुमच्याबरोबर दूध आणायला यायची हो," एवढंच म्हणाल्या. सून म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा भाजीवाल्याने विचारलं, चुंबकांकडची का? मला वाटलं, आडनावच बदललंय यांनी." कोणी हसलं नाही. मुलाला फोन लावला. आत्याने तिसऱ्यांदा सांगितलं. तो पलीकडून फक्त "बाबा कुठे आहेत? बाबा ठीक आहेत ना?" विचारत होता.

पुस्तकातून वाक्य काढल्याचंही आत्याने सांगितलं. काकांनी हात झटकला. "पुस्तक कोण वाचतंय? मला चुंबक पुस्तकाने नाही केलं, माणसांनी केलं." त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. पॉलिशवाला. तबकड्या रंगवणारी. स्टोअरकीपर. दोघे पॅकिंगवाले भाऊ. गेटवरचा जमादार. फोरमनसाहेब. "बाकीचे गेले. हे सात उरलेत. यांना सांग. दुसऱ्याकडून कळता कामा नये."

"सांगते," आत्या म्हणाली.

"आणि मी बरोबर येणार. मला ऐकायचंय."

तो आठवडा आम्ही तिघं वसाहतभर हिंडलो. पुढे काका, मध्ये आत्या, मागे मी. तबकड्या रंगवणाऱ्या बाईंनी आत्याला नुसतं बघितलं आणि दार लावून घेतलं. पॅकिंगवाले भाऊ आधी हसले, मग एकाने दुसऱ्याला कोपर मारलं, मग दोघेही काकांच्या चपलांकडे बघत बसले. पॉलिशवाला म्हणाला, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, हा माणूस असं करणार नाही!" काका शांतपणे म्हणाले, "चुंबक हे नाव तूच पाडलंस." पॉलिशवाला म्हणाला, "चहा घेणार?" जमादार रडले. स्टोअरकीपरने विचारलं, "मग आता काय करायचं?" दर दाराला आत्या तेच शब्द, त्याच क्रमाने. कुठे कमी केलं नाही, कुठे स्वतःची बाजू घातली नाही. परतताना जिन्यात मात्र कठड्याला धरून थांबायची. एकदा मी म्हटलं, "आत्या, उद्याचं मी सांगू का? मला पाठ झालंय." तिने मान कलती करून माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा ते सुचवलं नाही.

शेवटी राहिले फोरमनसाहेब. चौकशीचा अहवाल त्यांनीच लिहिला होता. आता नव्वदीच्या पुढे, दुसऱ्या गावात लेकीकडे, आणि कानांनी जवळजवळ गेलेले. काकांच्या घरातूनच फोन लावला. संध्याकाळची सहाची वेळ, खिडकी अर्धी उघडी, खाली पोरं क्रिकेट खेळत होती.

"साहेब, मी ऐकायच्या खोलीतली!" आत्या म्हणाली.

"कोण खोली?"

"कान, साहेब! कान!"

"हो, कानाचंच दुखणं आहे, काय सांगू," फोरमनसाहेब म्हणाले.

काकांच्या सुनेने ओठ दाबून धरले. आत्याने आवाज चढवला. "साहेब, रेल्वेची घड्याळं! चूक कड्याची नव्हती! माझ्या कपाटात रेडिओ होता!"

"काय होतं?"

"रेडिओ! मी लपवला होता! घड्याळं माझ्यामुळे बिघडली!" तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. आयुष्यभर हळू बोललेली बाई ती. ऐकायच्या खोलीत खोकायचीसुद्धा बाहेर जाऊन. "मला माहीत होतं, साहेब! आणि मी बोलले नाही!"

खाली बॅटचा आवाज थांबला. पलीकडे लेकीने त्यांच्या कानात काहीतरी समजावलं. मग फोरमनसाहेबांचा आवाज आला, एकदम कामावरचा. "म्हणजे माझा अहवाल चुकला?"

"हो साहेब. चुकला."

"मी सही केली होती त्यावर."

"माझ्या खोटं बोलण्यावर केलीत, साहेब."

"मला नीट कळलं नाही," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांगा बघू. सावकाश आणि मोठ्याने."

आत्याने काकांकडे बघितलं. तिचा घसा बसला होता, साडीच्या पदराने ती तोंड पुसत होती. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या होत्या आणि तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी वाळत घातलेले कपडे बाजूला सारून बघत होतं. आता पुरे असं काका म्हणतील, असं मला वाटलं. बहुतेक आत्यालाही वाटलं.

काका उठले, खिडकीपाशी गेले, आणि तिची दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडली.

"सांग," ते म्हणाले.